सांकवाळचं दास्यखत

बेळगावहून गोव्याकडे उतरणारी रेल्वे खानापूर सोडते आणि पुढचं स्टेशन येतं गुंजी. मग लोंढा, कॅसलरॉक, दूधसागर, कुळे, मडगाव. वास्कोच्या थोडं अलीकडे, गाडी संपत आली असं वाटत असताना, सांकवाळ नावाचं एक लहान स्टेशन लागतं. गुंजी आणि सांकवाळ एकाच रुळावर आहेत. मधला घाट आणि मधली राज्याची सीमा रेल्वेने १८८० च्या दशकातच जोडून टाकली. खानापूर तालुक्यातल्या अनेक ख्रिस्ती घरांची मुळंही याच वाटेने खाली गोव्यात उतरतात. घरात कोंकणी, शाळेत मराठी, कचेरीत कन्नड असा तीन पदरी व्यवहार ही माणसं पिढ्यान् पिढ्या करत आली आहेत. या लेखाचा नायक सांकवाळचा आहे. पण त्याची गोष्ट गुंजीत बसून वाचली की तिचा एक पदर अधिक ठळक दिसतो, आणि तो भाषेचा आहे.

सुरुवात एका कागदाने करतो. ५ ऑगस्ट १६७७ रोजी सांकवाळच्या आरोग्यमातेच्या चर्चमध्ये, आल्तारापुढे, सव्वीस वर्षांच्या एका पाद्रीने एक खत लिहून दिलं. लिहून देणार, पाद्री जुझे वाझ. लिहून घेणार, कुमारी मरिया, देवाची माता. चरित्रकारांनी या कागदाला दास्याचं खत म्हटलं आणि त्याचा मजकूर आजवर टिकून राहिला. त्यात मागणं नाही. मला हे दे, मला ते होऊ दे, असं एक अक्षर नाही. मजकुराची घडण भक्तीच्या पुस्तकातली वाटत नाही, नोटरीच्या टेबलावरची वाटते. हा कागद जो कोणी पाहील त्याला कळावं, अशी दवंडीवजा सुरुवात. मग आपण स्वखुशीने, कोणाच्या दबावाखाली न येता, हयातीत आणि कायमचं, मागे घेता येणार नाही अशा दानाने, स्वतःला मालमत्तेसह गुलाम म्हणून देत आहोत, असं कायद्याच्या शब्दांत नोंदवलेलं. शेवटी गाव, तारीख, सही. आपल्याकडे शेतजमीन बक्षीसपत्राने देताना जी काळजी घेतात, तीच इथे एका माणसाने स्वतःच्या देहाबाबत घेतली आहे.

या कागदाचं वजन कळायला तेव्हाचं गोवं डोळ्यांपुढे आणावं लागतं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस डच प्रवासी लिन्सखोटेन गोव्यात राहिला, त्यानंतर वीसेक वर्षांनी फ्रेंच खलाशी पिरार्द आला. दोघांनीही गोव्याच्या मुख्य रस्त्यावर भरणाऱ्या बाजाराचं वर्णन केलं आहे. त्या बाजारात घोडे, गालिचे, दागिने यांच्या शेजारी माणसं विकली जात. गुलाम घेणं, गहाण टाकणं, मृत्युपत्रात मुलीच्या नावे करणं या सगळ्याचे कागद होत. वाझांनी भक्तीसाठी निवडलेली भाषा या कागदांची होती, आणि त्यातली जागा त्यांनी घेतली ती विकल्या जाणाऱ्याची. पुढे फ्रान्समधल्या लुई द मोंतफोर यांच्यामुळे मरियेचा दास होण्याची ही भक्ती युरोपभर गाजली. सांकवाळचं खत लिहिलं गेलं तेव्हा मोंतफोर चार वर्षांचे होते.

बाजारात कोणी विकू शकेल अशा घरात वाझ जन्मले नव्हते, हे इथे सांगायला हवं. वडील क्रिस्तोव्हांव वाझ सांकवाळचे, आई मारिया द मिरांदा बाणावलीची. घराणं मूळचं ब्राह्मण आणि गावात मानाचं. जन्म आजोळी, बाणावलीत, २१ एप्रिल १६५१ रोजी. आठव्या दिवशी तिथल्याच संत योहान बाप्तिस्ताच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा. जन्माच्या वेळी भर दुपारी आकाशात तारा दिसला अशी कथा आहे. ती मी बाजूला ठेवतो. थोरांच्या जन्माला तारा उगवतोच, आणि त्यावरून जन्मलेल्या मुलाविषयी काही कळत नाही. शिक्षणाची नोंद जास्त उपयोगी आहे. सांकवाळला पोर्तुगीज, बाणावलीला लॅटिन, मग जुन्या गोव्यात जेझुइटांचं संत पॉल कॉलेज आणि डॉमिनिकनांचं संत थॉमस अक्वायनसचं कॉलेज. त्या काळच्या गोवेकर मुलाला मिळू शकणारं उत्तमातलं उत्तम शिक्षण त्यांना मिळालं.

मिळू शकणारं, असं मुद्दाम म्हणतो. जेझुइट, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन हे संघ गोवेकरांना शिकवत, पण सहसा आपल्यात घेत नसत. गोवेकर पाद्री व्हायचा तो धर्मप्रांताचा, बहुधा गोऱ्या पाद्रीच्या हाताखालचा. दिवाडी बेटावरच्या मातेउश द कास्त्रोंनी या अडसराविरुद्ध थेट रोम गाठलं. १६३७ साली पोपने त्यांना बिशप करून आदिलशाही मुलखाची जबाबदारी दिली. तेव्हा त्यांचं ठाणं डिचोलीला, म्हणजे पोर्तुगीज हद्दीच्या लगेच पलीकडे, विजापूरच्या छायेत होतं. त्यांच्या मागून त्या जागेवर आणखी एक गोवेकर बिशप आले, कुश्तोदियो द पिन्यो. विजापूर आणि गोवळकोंडा या दोन सल्तनतींच्या मुलखाचे ते पोपने नेमलेले धर्मप्रमुख होते. घाटमाथ्यावरचा आपला पट्टा कागदोपत्री त्यांच्याच हद्दीत मोडायचा. जुझे वाझांना उपपुरोहिताची दीक्षा या पिन्योंनीच दिली. पुढच्या पायरीची, पुरोहितपदाची दीक्षा १६७६ साली गोव्याचे आर्चबिशप अंतोनियो ब्रांदांव यांनी दिली. दीक्षा झाल्यावर लवकरच वाझांनी पायातलं काढलं आणि गरिबांसारखं अनवाणी चालायला सुरुवात केली. सांकवाळला त्यांनी लॅटिनची शाळा काढली. खत लिहिलं ते याच दिवसांत.

आता साधनांविषयी, कारण पुढचा सगळा भार त्यांच्यावरच आहे. वाझांच्या आयुष्याचा पहिला मोठा ग्रंथ सेबाश्तियांव द रेगो यांचा. तो १७४५ साली लिस्बनला छापला गेला. रेगो गोव्यातल्या नेवरे गावचे, वाझ पुढे ज्याचे प्रमुख झाले त्या गोवेकर पाद्रींच्या संघातले, पण त्यांनी वाझांना पाहिलेलं नव्हतं. वाझ १६८६ साली गोवा सोडून सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, गेले ते परत आलेच नाहीत, आणि रेगो त्यानंतर जन्मले. म्हणजे त्यांच्यापुढे होती ती संघाच्या दफ्तरातली पत्रं, सिलोनहून आलेली वृत्तं आणि जुन्या मंडळींच्या आठवणी. दुसरं साधन म्हणजे खुद्द वाझांची आणि त्यांच्या सोबत्यांची गोव्याला पाठवलेली पत्रं. श्रीलंकेतले जेझुइट इतिहासकार एस. जी. परेरा यांनी १९३० च्या दशकात हे कागद इंग्रजीत आणून कोलंबोला छापले, आणि मग चरित्राची भक्ती आणि कागदाचा पुरावा शेजारी ठेवून वाचणं सोपं झालं. माझी वाचायची रीत साधी आहे. रेगोंचं पुस्तक संत घडवायला लिहिलेलं आहे, हे विसरायचं नाही. पण चमत्कार वगळला तरी घटना उभी राहते का, तिच्यामुळे पुढे काही बदललं का, एवढं तपासायचं. या कसोटीवर वाझांचं आयुष्य टिकतं, आणि मला वाटतं, चमत्कार बाजूला ठेवल्यावर ते अधिक मोठं दिसतं.

पहिली कामगिरी आली ती भांडणाची. वाझांना सिलोनला जायचं होतं. आर्चबिशप ब्रांदांव वारले होते, गादी रिकामी होती, आणि कारभार कॅथेड्रलच्या मंडळाकडे होता. मंडळाने त्यांना सिलोनऐवजी कानडा किनाऱ्यावर पाठवलं. १६८१ ते १६८४ ते तिथे होते. हा मुलूख केळदीच्या राणी चेन्नम्माचा. बेळगावकरांना चेन्नम्मा म्हटली की कित्तूरची आठवते. ही तिच्या जवळपास दीडशे वर्षं आधीची. १६८९ साली जिंजीकडे निघालेल्या राजाराम महाराजांना आसरा देणारी चेन्नम्मा ती हीच. किनाऱ्यावरची बसरूर, होन्नावर, कुंदापूर, गंगोळी, मंगळूर ही बंदरं तिच्या राज्यात होती. त्यातलं बसरूर शिवाजी महाराजांच्या १६६५ च्या आरमारी स्वारीमुळे आपल्या ओळखीचं आहे. गोव्यातून वेगवेगळ्या कारणांनी उठून आलेली कोंकणी बोलणारी ख्रिस्ती कुटुंबं या पट्ट्यात विखुरलेली होती.

भांडण हद्दीचं होतं. पोर्तुगालच्या राजाचा दावा असा की, पूर्वेकडच्या सगळ्या चर्चवर नेमणुका करण्याचा हक्क त्याचा. रोमने मात्र कानडा-मलबारसाठी आपला स्वतंत्र प्रमुख नेमला होता, थोमास द कास्त्रो. हेही दिवाडीचे, मातेउश द कास्त्रोंचे पुतणे. म्हणजे किनाऱ्यावरच्या कोळ्या-कुळवाड्यांना कोणता पाद्री खरा, कोणी लावलेलं लग्न ग्राह्य, कोणापुढे केलेला पापांचा कबुलीजबाब लागू, हेच समजेना. सीमाभागात राहणाऱ्याला हे चित्र परकं नाही. वर दोन सत्ता एकमेकींचे आदेश नाकारत असतात आणि खालच्या माणसाचा साधा दाखला अडून बसतो. वाझांना पोर्तुगीज बाजू लढवायला पाठवलं होतं. ते कास्त्रोंना भेटले, त्यांची रोमहून आलेली कागदपत्रं पाहिली, आणि निकाल लागेपर्यंत त्यांच्याकडूनही अधिकार मागून घेऊन काम सुरू ठेवलं. म्हणजे कोणत्याही बाजूचा माणूस आला तरी त्याचा संस्कार वादात पडू नये. गोव्यातल्या वरिष्ठांना हे आवडणारं नव्हतं. वाझांनी त्यांची मर्जी पणाला लावली आणि किनाऱ्यावरच्या माणसांची अडचण सोडवली. मंगळूरचं रोझरी चर्च त्यांनी पुन्हा उभं केलं, होन्नावर, बसरूर, कुंदापूर, गंगोळी इथे नवी उभारली.

१६८४ साली ते गोव्यात परतले. या वर्षापाशी थोडं थांबावंसं वाटतं.

आदल्या हिवाळ्यात संभाजी महाराजांनी गोव्यावर चाल केली होती. नोव्हेंबर १६८३ मध्ये जुवे बेटावरचा किल्ला मराठ्यांच्या हाती पडला, डिसेंबरात साष्टी आणि बारदेस लुटले गेले. व्हाइसरॉय आल्व्होरचा काउंट इतका घाबरला की त्याने आपली राजकाठी संत फ्रान्सिस झेवियरच्या देहापाशी नेऊन ठेवली. मोगल फौज कोंकणात उतरल्यामुळे मराठे मागे फिरले. आपल्या इतिहासात ही मोहीम शौर्याची म्हणून येते, आणि ती होतीही. पण सांकवाळ साष्टीत मोडायचं. वाझ परतले ते या साष्टीत. घरं, गुरं, कोठारं गेलेल्या गावांतून ते अनवाणी फिरले, प्रवचनं दिली, हे चरित्रात नोंदलेलं आहे. त्यांच्या फिरण्याचा भूगोल आणि स्वारीचा भूगोल एकच आहे, हे चरित्रकारांनी फारसं सांगितलेलं नाही. मराठी वाचकाने ते लक्षात घ्यायला हवं.

त्याच वर्षी, २७ जून १६८४ रोजी, याच व्हाइसरॉयने एक फर्मान काढलं. गोव्यातल्या लोकांनी आपली भाषा सोडावी आणि तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज बोलायला लागावं. पाद्रींना लोकांची भाषा येत नाही, त्यामुळे धर्म शिकवता येत नाही, ही तक्रार जुनी होती. उपाय काढला तो असा की, पाद्रीने शिकायचं नाही, गावाने शिकायचं. लुटीतून नुकत्या उठलेल्या कुणब्याला हुकूम होतो की तीन वर्षांत तोंड बदल. गंमत म्हणजे याच भूमीत १६१६ साली थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं 'क्रिस्तपुराण' रायतूरला छापलं गेलं होतं, मराठी ओव्यांत. सत्तर वर्षांत सत्तेचा कल एवढा फिरला.

वाझांनी या फर्मानावर काही लिहिलं का, याच्या शोधात मी गेलो नाही. मला त्यांच्या पावलांच्या तारखा पुरेशा बोलक्या वाटतात. २५ सप्टेंबर १६८५ रोजी ते जुन्या गोव्यातल्या चमत्काराच्या क्रूसाच्या टेकडीवर गेले. तिथे काही गोवेकर पाद्री एकत्र राहू लागले होते. युरोपीय संघ दार उघडत नाहीत तर आपणच घर बांधू, असा तो प्रयत्न. वाझ त्यांचे प्रमुख झाले आणि रोमच्या फिलिप नेरींच्या ओरेटरी या पाद्रींच्या संघाची नियमावली त्यांनी या गटाला लावली. गोव्यात गोवेकरांनी गोवेकरांसाठी उभा केलेला हा पहिला संघ. त्यात ब्राह्मण घरांतलेच पाद्री होते, हेही सांगितलं पाहिजे. दार बंद करणाऱ्यांविरुद्ध उभ्या राहिलेल्या घरालाही एक दार होतं, आणि ते सगळ्यांना उघडं नव्हतं.

आणि तरी याच घरातून १६८६ साली वाझ जुआंव नावाच्या एका चाकराला घेऊन बाहेर पडले, आणि त्या क्षणापासून त्यांच्या अंगावरचं जातीचं, शिक्षणाचं, पदाचं एकेक वस्त्र उतरत गेलं. त्याच वर्षी सप्टेंबरात औरंगजेबाने विजापूर घेतलं. ज्या मुलखाच्या नावाने पिन्यो बिशप म्हणवत होते, ती आदिलशाहीच उरली नाही. घाटमाथ्यावर सत्ता कोसळत असताना वाझ खालून, किनाऱ्याच्या वाटेने, कानडा आणि मलबार ओलांडून तुतिकोरीनला पोहोचले होते.

समोर सिलोन. डचांनी १६५८ साली जाफना घेऊन पोर्तुगिजांना तिथून पुरतं हुसकावलं होतं. कॅथॉलिक पाद्रीला आसरा देणाऱ्याला मरणाची शिक्षा, असा त्यांचा हुकूम. तेव्हापासून सुमारे तीस वर्षं तिथल्या कॅथॉलिकांनी पाद्री पाहिला नव्हता. वाझ १६८७ च्या वसंतात हमालाच्या वेशात बोटीवर चढले. हा वेश नाटकी नव्हता. अनवाणी चालण्याची दहा वर्षांची सवय होती, तळव्याला घट्टे होते, आणि ओझं उचलणारा माणूस कसा चालतो हे सोबतच्या जुआंवकडून शिकण्यासारखं होतं. जुआंव आपल्याला भेटतो तो नेहमी दुसऱ्यांच्या कागदात, एखाद्या ओळीपुरता. तरी हा प्रवास एका पाद्रीचा न म्हणता दोन माणसांचा म्हणायला हवा.

जाफन्याला उतरताच वाझांना हगवणीने गाठलं. दारोदार भीक मागण्याइतकंही त्राण उरलं नाही. साथीच्या भीतीने त्यांना वस्तीबाहेर हलवलं गेलं. अशा वेळी एक बाई त्यांना पेज आणून देत असे, अशी आठवण चरित्रात जपलेली आहे. ती मी खरी धरतो. तारा दिसल्याची कथा रचायला कारण असतं. पेज आणून देणाऱ्या बिननावाच्या बाईची कथा रचून चरित्रकाराला काही मिळत नाही.

बरे झाल्यावर ते गळ्यात जपमाळ घालून भिक्षा मागत फिरले. जपमाळ पाहून कोणाचा चेहरा बदलतो, कोण नजर चुकवतो, कोण दुसऱ्यांदा बोलावतो, यावरून कॅथॉलिक घर ओळखायचं. मग सिल्लालै गावात रात्रीच्या मिस्सा सुरू झाल्या. या सगळ्याला तमिळ लागली आणि ती ते शिकत गेले. आता तारखा शेजारी ठेवा. आल्व्होरच्या फर्मानाची तीन वर्षांची मुदत जून १६८७ मध्ये संपली. त्याच सुमारास गोव्याचा एक विद्वान पाद्री जाफन्याच्या झोपड्यांतून भिकाऱ्यांची तमिळ शिकत होता.

१६८९ च्या नाताळात डचांनी सिल्लालैवर धाड घातली. मिस्सेसाठी जमलेले शेकडो लोक पकडले गेले. वाझ निसटले. पेद्रो नावाच्या एका माणसाला मारहाणीत जीव गमवावा लागला. इथे मला थांबून म्हणावंसं वाटतं की, वाझांच्या सेवेची किंमत वाझांखेरीज इतरांनीही चुकवली. ते वाझांना ठाऊक होतं असं मानायला जागा आहे, कारण यानंतर त्यांनी डच मुलूखच सोडला. पुत्तलमला काही काळ काढून १६९२ साली ते कँडीच्या बौद्ध राजाच्या राज्यात शिरले.

तिथे पहिलं स्वागत बेड्यांनी झालं. राजाच्या दरबारी लानेरोल नावाचा एक फ्रेंच प्रोटेस्टंट होता. १६७२ साली फ्रेंच आरमाराच्या वकिलातीबरोबर आला आणि तिथेच अडकून पडलेला. त्याने कान फुंकले की हा पोर्तुगिजांचा हेर आहे. राजा दुसरा विमलधर्मसूर्य याने वाझांना कैदेत टाकलं. पहारा हळूहळू सैल झाला. वाझांनी कोठडीच्या आवारात झोपडीवजा प्रार्थनाघर उभं केलं आणि सिंहली शिकायला घेतली. पुढे प्रश्नोत्तरी आणि प्रार्थना त्यांनी सिंहली आणि तमिळ या दोन्ही भाषांत आणल्या. त्यांच्या मागून १७०५ साली आलेले दिवाडीचे जाकोमे गोन्साल्व्हिश यांनी याच पायावर सिंहलीत इतकं लिहिलं की, सिंहली ख्रिस्ती साहित्याचा आरंभ त्यांच्यापासून धरतात. गोव्यात ज्यांच्या घरच्या बोलीवर बंदी आली होती, त्या गावांची पोरं समुद्रापलीकडे परक्यांच्या बोलीत ख्रिस्ती वाङ्मय लिहीत होती.

१६९६ चा दुष्काळ आणि पावसाचा चमत्कार ही वाझांची सर्वांत प्रसिद्ध कथा. राजाच्या सांगण्यावरून त्यांनी चौकात आल्तार मांडला, प्रार्थना केली, पाऊस कोसळला, आणि ते आणि आल्तार मात्र कोरडे राहिले. या कथेवर माझ्यासारख्याने निवाडा द्यायचं कारण नाही. कागद एवढंच दाखवतात की, यानंतर राजाने त्यांना फिरायची मोकळीक दिली, आणि गोव्याहून सोबती येऊ शकले. जुझे द मेनेझेश आले, आणि भाचा जुझे कार्व्हाल्यो आला.

खरी कसोटी लगेच पुढे, १६९७ साली लागली. कँडीत देवी आल्या.

आपल्याकडे हा शब्द अजून जिवंत आहे. घाटमाथ्यावरच्या जुन्या बायका देवीच्या साथीचं नाव घेताना अजून हात जोडतात. लस यायला तेव्हा शंभर वर्षं बाकी होती. रोगी घरात ठेवणं म्हणजे घर संपणं. कँडीत राजा आणि सरदार राजधानी सोडून गेले. लोक आपल्या आजाऱ्यांना जंगलाच्या कडेला ठेवून येत आणि मेलेल्यांना उचलायलाही कोणी उरलं नव्हतं. वाझ आणि कार्व्हाल्यो थांबले. टाकून दिलेल्या माणसांसाठी त्यांनी खोपटं उभारली. काही रिकाम्या घरांतून रोगी ठेवले. त्यांना अंघोळ घालणं, फोड धुणं, भात शिजवून भरवणं, मेलेल्यांसाठी खड्डा खणणं, हा दोघांचा रोजचा क्रम. धर्म विचारून आत घेणं नव्हतं, बहुतेक रोगी बौद्धच होते. साथ ओसरल्यावर राजाने म्हटलं की हा माणूस नसता तर रस्ते प्रेतांनी भरले असते. हे रेगोंच्या पुस्तकातलं आहे आणि ते पुस्तक भक्ताचं आहे. पण यानंतर राजाचं वागणं खरोखर बदललं. कैदी म्हणून आलेल्या या माणसाला चर्च बांधायचीही मुभा मिळाली, १६९९ साली कँडीत नवं चर्च उभं राहिलं, आणि विमलधर्मसूर्याच्या मागून गादीवर आलेल्या नरेंद्रसिंहानेही हाच लोभ पुढे चालवला. ख्रिस्ती डचांनी ज्याला हाकललं त्याला बौद्ध राजांनी दोन पिढ्या सांभाळलं. यामागे डचांविरुद्धचं राजकारण असेलही. तरी त्या राजकारणात वापरायला एक विश्वासू माणूस लागतो, आणि हा विश्वास त्या खोपटांत मिळवलेला होता.

इथे पुन्हा खताकडे बघतो. त्या कागदात आपण काय करू याची यादी नव्हती. गुलामाला काम निवडता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. वीस वर्षांनी जे काम पुढ्यात आलं ते कोणीही निवडलं नसतं. पोपचे दूत तूर्नों यांनी पुढे त्यांना सिलोनच्या धर्मप्रमुखाचं, बिशपपणाकडे नेणारं पद देऊ केलं तेव्हा त्यांनी नको म्हटलं. चरित्रकार याला नम्रता म्हणतात. मला ते खताचं पालन वाटतं. एकदा सही केली होती.

१६ जानेवारी १७११ रोजी ते कँडीत वारले, साठाव्या वर्षी. पंचवीस वर्षं गोवा पाहिला नव्हता. पुढच्या गोष्टी लवकर सांगतो. १७४० च्या दशकात कँडीतून पाद्री घालवले गेले, चर्च गेलं, आणि वाझांना जिथे पुरलं ती जागा आज कोणालाच दाखवता येत नाही. २१ जानेवारी १९९५ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी कोलंबोला त्यांना धन्य जाहीर केलं. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी तिथल्याच गॉल फेस मैदानावर, दुसऱ्या चमत्काराची अट सोडून देऊन, संत जाहीर केलं. श्रीलंकेचे ते पहिले संत.

गोव्यातही दगडांनी फारसं काही राखलेलं नाही. चमत्काराच्या क्रूसाच्या टेकडीवरचा ओरेटरीचा मठ १८३५ साली धार्मिक संघ बरखास्त झाल्यावर ओस पडला आणि आता झाडीत भिंती उरल्या आहेत. सांकवाळचं आरोग्यमातेचं चर्च १८३४ साली जळलं. पांढरा दर्शनी भाग तेवढा उभा आहे. त्याच्या दारातून आत पाऊल टाकलं की आत गवत आणि आभाळ. ज्या आल्तारापुढे तो कागद लिहिला गेला तो तिथेच कुठेतरी होता. दर वर्षी १६ जानेवारीला इथे फेस्त भरतं. कोंकणीतून मिस्सा होते, कोंकणीतून गाणी म्हटली जातात, आणि ज्या बोलीला १६८४ साली तीन वर्षांची मुदत दिली होती तिच्यातच म्हाताऱ्या बाया पोरांना ओरडतात, मेणबत्ती सरळ धर म्हणून.